कुत्र्याला फिट आली तर कांदा शोधू नका, आधी घड्याळ बघा

कुत्रं चांगलं बसलेलं असतं आणि अचानक एका कुशीवर कोसळतं. मान मागं जाते, चारही पाय ताठ होतात, मग सायकल मारल्यासारखे हलायला लागतात. जबडा वाजतो, तोंडाला फेस येतो, जागेवरच लघवी होऊन जाते. घरात एकच कालवा. कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवायला आणतं, आजी म्हणते, "जीभ गिळंल, चमचा घाला तोंडात," आणि शेजारचे मामा दारातूनच निकाल देतात, "पिसाळलंय, लांब व्हा."

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. म्हणून त्या वेळी जो इलाज चालू असतो त्याचंच नाव होतं. कांद्यानं शुद्ध आली असं गल्लीभर होतं आणि पुढच्या वेळी पुन्हा कांदाच शोधला जातो. खरं तर त्या दोन मिनिटांत माणसाच्या हाताला फार काम नसतं. कुत्र्याला धडपडून लागू न देणं आणि वेळ मोजणं, एवढंच. नुकसान होतं ते त्यापेक्षा जास्त काही करायला गेल्यानं, आणि फिट थांबल्यावर करायचं ते न केल्यानं.

तोंडात हात किंवा चमचा घालणं

कुत्रं जीभ गिळत नाही, माणूसही गिळत नाही. फिटमध्ये जबडा आवळतो तेव्हा कुत्र्याला काहीच कळत नसतं. मालकाचं बोट आणि लाकडाचा तुकडा त्याच्या लेखी सारखाच. चमचा घातला तर दात तुटतात, हात घातला तर बोटं फुटतात. जीभ चावली गेली तर थोडं रक्त येतं, ते नंतर भरून निघतं. पाय दाबून धरणं, अंगावर बसणं, तोंडावर पाण्याचे हबके मारणं हेही नको.

डोक्याखाली गोधडीची घडी सरकवा. जवळ पायऱ्या, हौद, बाजेचा पाय, चूल असेल तर अंथरूण ओढावं तसं कुत्र्याला मागच्या बाजूनं धरून लांब सरकवा. टीव्ही बंद, लेकरं बाहेर, बाकीची कुत्री बांधलेली. जमलं तर एकानं मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटातून जास्त कळतं. फिट एका बाजूनं सुरू झाली की एकदम सगळ्या अंगाला आली, डोळे उघडे होते का, की ही फिट नव्हतीच, हे त्यात दिसतं. हृदयाच्या दुखण्यात कुत्रं चक्कर येऊन गळून पडतं आणि लगेच उठून चालायला लागतं. झोपेत पाय हलवत कुईकुई करणारं कुत्रं तर नावानं हाक मारली की जागं होतं. असल्या कुत्र्यांना उगाच फिटच्या गोळ्या चालू झाल्याचं अधूनमधून ऐकायला मिळतं.

वेळ न बघणं

फिट चालू असताना एक मिनिटही दहा मिनिटांसारखं वाटतं, त्यामुळं अंदाजावर जाऊ नका. ५ मिनिटांच्या पुढं गेलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि मेंदूला इजा होऊ शकते. तिथून पुढं वाट बघणं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. २४ तासांत दोन किंवा जास्त फिट आल्या, किंवा एक फिट संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तरी तोच नियम. आयुष्यातली पहिलीच फिट लवकर थांबली असली तरी त्या दिवशी डॉक्टरकडं दाखवून आणा.

आपल्याकडं यात ऊन मिसळतं. स्नायू सलग आवळत राहिले की अंगात उष्णता तयार होते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली किंवा तापलेल्या सिमेंटवर फिट आली तर ताप झपाट्यानं १०५-१०६ फॅरनहाइटच्या वर जातो आणि मग तो ताप स्वतःच मेंदूवर उठतो. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी घाला, पंखा लावा. बर्फात बुडवू नका. उलटं बघायचं तर निव्वळ उष्माघातानंही फिट येते. दुपारी गाडीमागं पळवलेलं, साखळीला उन्हात बांधलेलं, जोरजोरात धापा टाकून कोसळलेलं कुत्रं मिरगीचं नसून उन्हाचं असतं.

शुद्ध यायच्या आत काहीतरी पाजणं

दूध, तूप, ताक, लिंबूपाणी, हळदीचं पाणी. गिळण्यावर ताबा नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग फिट बरी होते आणि कुत्रं चौथ्या दिवशी न्यूमोनियानं धापा टाकायला लागतं. विषाचा संशय आला म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं तर दुहेरी धोक्याचं, कारण अंगात मीठ जास्त झालं की त्यानंच फिट येतात. माणसाच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनही नको.

रानातलं विष विसरणं

शहरात लिहिलेल्या लेखांत पहिलं कारण मिरगी असतं. मराठवाड्यात आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्या वस्तीवरच्या, कुत्र्याला एकाएकी फिट आली तर माझा पहिला प्रश्न वेगळा असतो, आज रानात काय टाकलं किंवा फवारलं?

कापूस, सोयाबीन, तुरीवर मारायच्या अनेक कीटकनाशकांत ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटाची रसायनं असतात. कुत्रं फवाऱ्याची बादली चाटतं, डबा धुतलेलं पाणी पितं, फवारलेल्या पिकात लोळून मग अंग चाटतं. आधी तोंडातून सारखी लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मग अंगावरचं मांस थरथरायला लागतं आणि शेवटी फिट. यावर ॲट्रोपिन आणि जोडीची इंजेक्शनं असतात आणि वेळेत मिळाली तर कुत्रं वाचतं, म्हणून सरळ डॉक्टर गाठायचा. औषध अंगावर सांडलं असेल तर निघण्याआधी हातमोजे घालून साबणानं अंग धुवा. थायमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट हे कीटकनाशक २०२० च्या अखेरपासून देशात बंद आहे, पण कुणाच्या कोठीत जुना डबा पडलेला नसेल याची खात्री नाही.

शंखी गोगलगायीचं प्रकरण अलीकडचं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव पट्ट्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि त्या मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरोघरी पोचल्या. गोगलगाय खेचून आणायला त्यात कोंड्यासारखं खाद्य घातलेलं असतं आणि तेच कुत्र्यालाही आवडतं. खाल्ल्यावर काही तासांच्या आत सगळं अंग कापायला लागतं, ताप भडकतो, जरा हात लावला किंवा भांडं पडलं तरी कुत्रं दचकून आवळतं. याला उतारा असं औषध नाही. डॉक्टर झटके थांबवतात, ताप उतरवतात, पोट साफ करतात, पण त्यासाठी कुत्रं लवकर पोचायला हवं. बांधावर अशा गोळ्या टाकल्या असतील तर तेवढे दिवस कुत्रं बांधून ठेवा. पाकीट उघडं ठेवू नका.

उंदरांसाठीची काळसर पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू सोडते. अशा कुत्र्याला भाकरी किंवा दूध देऊ नका, त्यानं आम्ल वाढतं. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, कारण त्यानं ओकलं तर तो वायू तुमच्याही नाकात जातो. काहीही खाल्लं असो, डबा किंवा पाकीट सोबत न्या. "कसलं तरी पांढरं औषध होतं" एवढ्यावर डॉक्टरला काम करता येत नाही.

पिसाळलं ठरवून मोकळं होणं, किंवा रेबीज विसरून जाणं

दोन्ही चुका महागात पडतात. फिट आलेल्या कुत्र्याला गल्लीनं काठ्यांनी मारल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. साधी फिट येते, थांबते आणि काही तासांनी कुत्रं पहिल्यासारखं होतं. रेबीज मागं फिरत नाही. आवाज बदलतो, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, कुत्रं विनाकारण चावत सुटतं किंवा अंधारात दडून बसतं, मागचे पाय लुळे पडतात आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण १० दिवसांच्या आत मरतं. त्यातही शेवटी शेवटी फिट येऊ शकतात. कुत्र्याला दर वर्षी लस मिळत असेल तर शक्यता फार कमी. लस नसेल, मागच्या काही महिन्यांत दुसरं कुत्रं किंवा कोल्हं चावलेलं असेल आणि वागणं दोन-चार दिवसांपासून बदललेलं असेल, तर हात लावू नका, खोलीत बंद करून डॉक्टरला बोलवा.

आणि चमच्याच्या नादात लाळ जखमेला लागलीच असेल किंवा दात रुतला असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. मिरची, चुना, हळद जखमेवर नको.

उठलं म्हणून सोडून देणं

फिटनंतर कुत्रं बराच वेळ भानावर नसतं. भिंतीला धडकतं, गोल फिरतं, दिसत नसल्यासारखं करतं, घरच्या माणसावरही गुरगुरतं, खा-खा करतं. हे कधी अर्धा तास, कधी दिवसभर चालतं. आखाड्यावर याच वेळी घात होतो, कारण आपल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही. खोलीत किंवा दावणीला शांत जागी ठेवा. नीट चालायला लागल्यावर थोडं पाणी, त्यानंतर थोडी भाकरी. लहान लेकरांना दुसऱ्या दिवसापर्यंत जवळ जाऊ देऊ नका.

पिल्लू आणि बाळंतीण

लस न मिळालेल्या पिल्लाच्या डोळ्या-नाकातून चिकट स्राव येतो, जुलाब होतात आणि मग च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा हलवत फिट येतात, तेव्हा डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा संशय घ्यायचा. लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत पूर्ण करायची असते. जंतांनी पोखरलेलं, उपाशी पिल्लू साखर उतरल्यानंही झटके देतं. फिट थांबल्यावर ओठ बाजूला करून बाहेरूनच हिरडीला थोडं मध किंवा साखरपाणी चोळा आणि निघा.

पामेरियनसारखी लहान कुत्री व्याल्यावर दोन-चार आठवड्यांनी धापा टाकत, पाय ताठ करून थरथरायला लागली तर कॅल्शियम घसरलेलं असतं. पिल्लं लगेच वेगळी करा, कॅल्शियम शिरेतून डॉक्टरच देतील. गाभणपणात आपल्या मनानं कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या की हा त्रास टळण्याऐवजी वाढतो.

"आता बरंय" म्हणून गोळ्या बंद करणं

विष, ऊन, रेबीज, साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासून हाती काही लागलं नाही आणि पहिली फिट ६ महिने ते ६ वर्षं या वयात आली असेल, तर ती बहुधा जन्मजात मिरगी असते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बीगल यांच्यात ती जास्त दिसते. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदा फिट आली तर मेंदूतली गाठ किंवा आतलं दुखणं आधी शोधावं लागतं.

वर्षातून एखादी फिट येत असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त आल्या, एखादी ५ मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ आल्या तर औषध सुरू होतं, बहुतेक वेळा फिनोबार्बिटोन, १२-१२ तासांनी. रक्तात त्याची पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात. त्या आधी गुण नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. सुरुवातीला कुत्रं झोपाळू होतं, सारखं पाणी पितं, भूक वाढते. झोप पुढं कमी होते, भूक राहते, म्हणून खुराक मोजून द्या. सहा महिन्यांनी यकृताची आणि औषधाच्या पातळीची तपासणी ठरलेली.

दोन महिने फिट आली नाही की घरचेच गोळ्या बंद करतात. ही गोळी एकदम थांबवली की झटके परत येतात आणि ते पहिल्यापेक्षा वाईट, लागोपाठचे असतात. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलात असेलच असंही नाही. म्हणून आठवडाभराचा साठा हातात असतानाच नवी चिठ्ठी घ्या, दिवाळीच्या सुट्ट्यांआधी तर नक्कीच. औषध चालू असून महिन्यातून एखादी फिट येते म्हणून ते वाया गेलं असं नाही. काही कुत्र्यांत फिट पूर्ण थांबतच नाहीत, कमी होणं हेच यश. तारीख, वेळ, किती मिनिटं आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं, हे कॅलेंडरवर लिहीत गेलात तर डोस ठरवणं सोपं जातं.

गोचिडांसाठी तोंडानं द्यायच्या नव्या गोळ्यांमध्ये आयसोक्साझोलिन गटाची औषधं असतात. त्यांच्यामुळं काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं २०१८ मध्ये दिला. फिटचा इतिहास असेल तर तो गोळी घेण्याआधी सांगा. गुरांवरचं गोचिडाचं औषध तर कुत्र्याला अंदाजानं लावूच नका.

गावापासून दवाखाना तासाभराच्या वर असेल तर गुदद्वारातून किंवा नाकातून द्यायचं तातडीचं औषध घरी ठेवता येतं का, हे डॉक्टरला आधीच विचारा. वजनाप्रमाणं डोस तेच लिहून देतील आणि द्यायचं कसं तेही दाखवतील. परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यांत कुत्री बघतात. तालुक्याच्या दवाखान्यात निघण्याआधी फोन करून झटके थांबवायचं इंजेक्शन आहे का ते विचारा. १९६२ या नंबरवर फोन करून जनावरांच्या दवाखान्याची फिरती गाडी मागवता येते, पण ती लांबच्या गावात गाई-म्हशींत अडकलेली असू शकते. नेताना कुत्र्याला चादरीत घ्या, डिकीत बंद करू नका आणि मोटारसायकलवर असाल तर मागं बसणाऱ्यानं त्याचं तोंड मोकळं ठेवून, मान थोडी खाली झुकवून धरावं.