बाकेनच्या थंडीत ट्रकच्या धंद्यात येताना

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या विलिस्टन, वॉटफर्ड सिटी भागात, म्हणजे बाकेन या तेलक्षेत्रात, तेलविहिरींच्या ट्रकच्या कामावर येत असाल, ड्रायव्हर म्हणून किंवा माझ्यासारखे डिस्पॅचला (गाड्यांना खेपा नेमून देणारं काम), तर आधी गाडी चालवण्याच्या तासांचे नियम पक्के करा. सीडीएल (व्यावसायिक गाडीचा परवाना), त्यावर टँकरचं आणि क्रूडसाठी, म्हणजे कच्च्या तेलासाठी, हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) एंडॉर्समेंट म्हणजे जादा मंजुरी लागते, हे भरती करणारेच सांगतात. तासांचा हिशेब मात्र नवा माणूस ट्रकस्टॉपवरच्या गप्पांतून शिकतो, आणि तिथेच फसतो.

सलग 10 तास विश्रांती झाली की पुढच्या 14 तासांच्या आत 11 तास गाडी चालवता येते. 8 दिवसांत 70 तास काम झालं की गाडी चालवणं बंद. तेलक्षेत्राच्या सेवेतल्या गाड्यांना एक सवलत आहे: सलग 24 तास सुटी घेतली की 70 तासांचा हिशेब नव्याने सुरू होतो, इतरांना त्यासाठी 34 तास लागतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो दुसऱ्या सवलतीत. ‘विहिरीवर थांबलेला वेळ 14 तासांत धरत नाहीत’ असं तुम्हाला हमखास ऐकवतील. ती सवलत विहिरीच्या दुरुस्ती-देखभालीसाठी खास बांधलेल्या गाड्यांना आणि त्यांच्या प्रशिक्षित चालकांना आहे. पाणी किंवा वाळू वाहणारा माणूस जानेवारीत विहिरीवर चार तास रांगेत थांबला, तर ते चार तास त्याच्या 14 तासांतून गेले. डिस्पॅचवाल्याने पुढची खेप देताना हे मोजलंच पाहिजे.

वाटेत अचानक बर्फ किंवा धुकं आलं तर गाडी चालवायला 2 तास वाढवून मिळतात. 2020 पासून 14 तासांची मर्यादाही तेवढीच पुढे सरकते. पण सकाळी निघतानाच हिमवादळाचा इशारा असेल तर ही मुभा नाही. ड्रायव्हरला माहीत नव्हतं आणि डिस्पॅचला माहीत होतं, तरीही नाही. म्हणून रस्त्यांचा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

परिस्थिती फारच धोक्याची झाली तर गाडी थांबवावी, असं संघराज्याचा नियमच सांगतो. धोका आहे म्हणून नकार दिल्याबद्दल मालकाने काढून टाकलं, तर 180 दिवसांच्या आत ओशाकडे (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) तक्रार करता येते. व्हिसाच्या धास्तीने आपली मुलं गप्प बसतात, ते मला फार लागतं. नकार द्या, आणि दिलेला नकार मेसेजमध्ये लिहून ठेवा.

गाडीचंही बघा. उणे 30 अंशांत डिझेल गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून नंबर 1 डिझेल (थंडीत न गोठणारं पातळ डिझेल) मिसळतात. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी काढायची दोरी रोज ओढा. पाण्याची चिळकांडी उडाली तर एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा भाग) बघून घ्या, नाहीतर तेच पाणी ब्रेकच्या नळीत गोठतं.

वजनाचं गणित ऋतूवर फिरतं. जमीन गोठलेली असते तेव्हा रस्ता टणक असतो, म्हणून हिवाळ्यात राज्य महामार्गांवर परमिट घेऊन 10 टक्के जास्त वजन नेता येतं. वसंतात वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो, पाणी मध्ये अडकतं आणि रस्ता मऊ पडतो. मग साधारण मार्चपासून प्रत्येक अक्षावर (चाकांच्या आसावर) चालणारं वजन कमी करतात. काउंट्यांचे (जिल्ह्यांचे) रस्ते वेगळे, त्यांची परमिटंही वेगळी. कालच्या वाटेने कालचंच वजन आज चालेल असं तेव्हा गृहीत धरू नका. रोज सकाळी निर्बंधांचा नकाशा उघडा आणि मगच टाकी भरायला पाठवा.