खऱ्या स्टेशनचं मॉडेल रेल्वे लेआउट करताय? मग आधी रूळ, बिल्डिंग नंतर

एखादं खरं स्टेशन टेबलावर उतरवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी स्टेशनची बिल्डिंग करायला घेतात, कारण फोटोत तीच उठून दिसते. मला हे उलटं वाटतं. स्टेशन ओळखू येतं ते रूळ कसे फुटतात त्यावरून, म्हणजे लूप लाइन (गाडी बाजूला थांबवायची, पुन्हा मुख्य रुळाला मिळणारी लाइन) कुठून सुटते, मालधक्का कुठल्या बाजूला आहे, पूल प्लॅटफॉर्मच्या मध्यावर आहे की टोकाला. हे नीट जमलं तर बिल्डिंग नुसत्या पुठ्ठ्याची असली तरी ते स्टेशन माहीत असलेला माणूस बरोबर ओळखतो. आणि हे चुकलं तर बिल्डिंगवर कितीही जीव ओता, ते "कुठलंतरी स्टेशन" होतं.

साल ठरवा

अमुक स्टेशन एवढं ठरवून भागत नाही, अमुक साली ते कसं होतं हेही ठरवावं लागतं. विजेच्या तारा आल्या होत्या का, सिग्नल वर-खाली होणाऱ्या हाताचे होते की दिव्यांचे, इंजिनं वाफेची की डिझेल, मालाची साइडिंग (डबे उभे करायचा बाजूचा रूळ) चालू होती की उखडली होती, हे सगळं सालावर ठरतं. दहा वर्षांची रेंज ठेवली तरी चालेल, पण ती लिहून ठेवा, नाहीतर दुकानात आवडलेलं प्रत्येक इंजिन घरी येतं.

माप आणि जागा

आता गणित. एचओ आणि एन ही मॉडेलची दोन नेहमीची मापं. एचओ म्हणजे 1:87, खऱ्यापेक्षा 87 पट लहान, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. एन म्हणजे साधारण 1:160 आणि 9 मिमी. 400 मीटरचा प्लॅटफॉर्म एचओमध्ये 4.6 मीटर होतो, एनमध्ये 2.5 मीटर, आणि हा नुसता प्लॅटफॉर्म, दोन्ही टोकांचे सांधे (एका रुळातून दुसरा फुटतो ती जागा) अजून मोजलेच नाहीत. म्हणून अख्खं स्टेशन हवं असेल तर एन, आणि एकच टोक बारकाईनं करायचं असेल तर एचओ, असं माझं सरळ मत आहे. एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या. तयार मिळणारा 16.5 मिमीचा ट्रॅक 1435 मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे, तुमचं स्टेशन 1676 मिमीच्या ब्रॉडगेजवर असेल तर 1:87 मध्ये खरं अंतर 19 मिमीच्या वर जातं, म्हणजे तयार ट्रॅक जरा अरुंद दिसणार. बरेच लोक ते चालवून घेतात आणि त्यात काही वावगं नाही.

माहिती गोळा करा

जुने नकाशे, सॅटेलाइट फोटो, रेल्वेचे सिग्नलचे आराखडे, जुनी वेळापत्रकं, जे मिळेल ते. स्वतः फोटो काढायला गेलात तर प्लॅटफॉर्मवरून, पुलावरून, जिथे परवानगी असेल तिथूनच काढा, रुळांवर उतरू नका. मोजमाप मिळत नसेल तर फोटोतूनच काढता येतं. विटांची भिंत असेल तर एक वीट मोजायची आणि थर मोजायचे, उंची हातात येते. शेजारी डबा उभा असेल तर डब्याची लांबी कुठेही मिळते, तीच पट्टी. दाराची उंची, स्लीपरमधलं (रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांमधलं) अंतर, सगळं कामाला येतं. एक फोटो कॅमेरा भिंतीच्या अगदी समोर धरून काढा, तिरक्या फोटोवरून मोजायला गेलं की नाकी नऊ येतात.

काय कापायचं

पूर्ण मापात स्टेशन जवळजवळ कुणाच्याच खोलीत बसत नाही, त्यामुळे कापाकापी होणारच. लांबी कापा. खरी गाडी 16 डब्यांची असेल तर तुमची 7 डब्यांची करा आणि प्लॅटफॉर्म त्या 7 डब्यांना पुरेल एवढा ठेवा, कुणाला खटकत नाही. सारख्याच पाच साइडिंग असतील तर तीन ठेवा, पण एकच ठेवली तर ते यार्ड वाटत नाही. उंची आणि रुंदी कापू नका, पुलाची उंची कमी केली की लगेच खेळण्यासारखं दिसतं. आणि टोकाच्या सांध्यांचा क्रम तर अजिबात बदलू नका, स्टेशनची ओळख तिथेच असते.

पुढून मागे जागा कमी असेल तर मागच्या बिल्डिंग हळूहळू लहान मापात करत जायच्या. लंडनच्या द मॉडेल रेल्वे क्लबचं कोपनहेगन फील्ड्स हे लेआउट बघा, किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा दोन महायुद्धांमधला भाग आहे, त्यात मागे मागे माप इतकं कमी होत जातं की शहर मैलभर पसरल्यासारखं वाटतं.

प्लॅन ठरला की तो लेआउट जेवढं होणार तेवढ्याच मापात कागदावर छापा, चिकटवून जमिनीवर पसरा, त्यावर पुठ्ठ्याची खोकी बिल्डिंग म्हणून ठेवा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. येता जाता बघितलं की चुका आपोआप दिसतात, आणि कागद कापणं प्लायवुड कापण्यापेक्षा स्वस्त.

बोर्ड आणि ट्रॅक

9 किंवा 12 मिमी प्लायवुड, खाली चौकट, दर 30-40 सेंमीवर आडवी पट्टी. बोर्ड 70-75 सेंमीपेक्षा रुंद नको, मागे घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचला पाहिजे. दोन्ही टोकांना स्टेशन संपतं तिथे पूल किंवा झाडी ठेवून ट्रॅक आड करा आणि मागे गाड्या उभ्या करायला लपलेल्या लाइन द्या, त्याशिवाय गाडी "येते" आणि "जाते" असं वाटणार नाही.

वळणाची त्रिज्या निदान डब्याच्या लांबीच्या तिप्पट ठेवा. 23 सेंमीचा डबा असेल तर 70 सेंमीच्या आसपास. खेळण्यातल्या सेटची 36 सेंमीची वळणं लपलेल्या भागातसुद्धा लांब डब्यांना त्रास देतात. चढ 2 टक्क्यांच्या आत. म्हणजे एका लाइनवरून दुसरी न्यायला 8 सेंमी उंची हवी असेल तर 4 मीटर चढण लागते, हे ऐकून बरेच लोक उड्डाणपुलाचा नाद सोडतात.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. खाली जाड मुख्य वायर, आणि ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून स्वतंत्र बारीक वायर, करंटसाठी रुळांच्या जोडणीवर विसंबायचं नाही. डीसीसी (इंजिनं चालवायची डिजिटल पद्धत) घेतलंत तर रुळात कायम करंट असतो आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबरची आज्ञा ऐकतो, त्यामुळे एकाच लाइनवर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, स्टेशनसाठी हे फारच सोयीचं. तपासायला दोन रुळांवर नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी सिस्टिम ताबडतोब ट्रिप झाली पाहिजे, जिथे होत नाही तिथे वायर कमी आहे.

मग महिनाभर नुसत्या गाड्या चालवा. खऱ्या वेळापत्रकातला एक दिवस घेऊन चालवा, इंजिन फिरवा, मालगाडी लूपमध्ये घेऊन एक्स्प्रेस पुढे काढा. सगळ्यात लांब डबा प्लॅटफॉर्मच्या कडेला घासतो का ते बघा, वळणावर डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात. हे सगळं झाल्याशिवाय काहीही चिकटवू नका.

खडी

हा भाग शांतपणे करायचा. 5 सेंमीचा खरा दगड 1:87 मध्ये जेमतेम 0.6 मिमी होतो, म्हणजे पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, जाड वाटली की ती जाडच. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवा. खडी थोडी थोडी टाकून मऊ ब्रशनं स्लीपरच्या मध्ये सारा, स्लीपरवर एकही दाणा राहू देऊ नका. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बारीक फवारा मारा, खडी पूर्ण ओली झाली पाहिजे, कारण कोरड्या खडीवर गम टाकला तर थेंबाचा गोळा होतो आणि खड्डे पडतात. नंतर पांढरा गम आणि पाणी निम्मं निम्मं, ड्रॉपरनं रुळांच्या मध्ये सोडा, तो आपोआप पसरतो. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांपाशी गम नको, तिथे हात राखून. रात्रभर वाळू द्या, मध्ये बोट लावून बघू नका.

बिल्डिंग आणि माणसं

बिल्डिंग प्लास्टिक शीट, लेझर कट किंवा थ्रीडी प्रिंट, जे जमेल त्यात करा. रंग खऱ्यापेक्षा जरा फिका आणि मळका घ्या, गडद चकचकीत रंग लहान मापात भडक वाटतो. माणसं बसलेली, उभी, वाट बघणारी ठेवा. धावत गाडी पकडणारा माणूस पहिल्या दिवशी मजेशीर दिसतो, नंतर तो कायमचा एका पायावर अडकलेला दिसतो.

चालू लेआउटचे रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसत राहा. सँडपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते आणि इंजिनं आधीपेक्षा जास्त अडतात.