म्युझिक व्हिडिओ दाखवला, ‘मस्त’ म्हणाले, पुढे काय? या चुका टाळा

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी एका मित्राच्या गाण्याचा व्हिडिओ केला. पावणेचार मिनिटांचं गाणं. गावातला पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघतो, मैत्रीण त्याच्या हातात डबा देते, एवढीच गोष्ट. दोन दिवस साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर शूट, बाकीचं एका जुन्या घरात आणि कॉलेजच्या वर्गात. सबमिशनच्या दहा दिवस आधी वर्गात दाखवला. टाळ्या पडल्या. गुगल फॉर्म फिरवला, तर जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी ४ किंवा ५ दिलेले. खाली ‘खूप छान’, ‘एक नंबर’, आणि कुणीतरी नुसतेच तीन बदाम.

त्या फॉर्ममधून आम्हाला काडीचंही काही कळलं नाही. कळलं ते संध्याकाळी कँटीनमध्ये. आमचा एडिटर चहा पिता पिता मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. कँटीनच्या मावशी कप उचलायला आल्या, मिनिटभर उभ्या राहून बघितलं आणि हळहळून म्हणाल्या, “अरं देवा. ही पोरगी कवा गेली रं?”

आमच्या व्हिडिओत कुणीच मरत नाही.

गोंधळाला ‘अनेक अर्थ’ म्हणणं

झालं होतं असं. नायिका घरी येते, केसातला गजरा काढते आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते. त्याच खिळ्याला तिचा शाळेतला फोटो टांगलेला. पुढचा शॉट नुसत्या फोटोचा, दीड सेकंदाचा, कारण उजेड छान पडला होता. आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेलं. त्यासाठी सिनेमाचं व्याकरण शिकावं लागत नाही. त्या दीड सेकंदानंतरचं सगळं गाणं मावशींनी शोकगीत म्हणून बघितलं होतं.

आमची पहिली प्रतिक्रिया काय असावी? “भारी आहे की, ओपन एंडेड!” रिपोर्टमध्ये तसं वाक्यही लिहून झालं होतं, की प्रेक्षकांनी आपापले अर्थ लावले. ही सगळ्यात गोड वाटणारी चूक. दोन अर्थ तुम्ही ठरवून ठेवले असतील तर ती कला. पहिल्यांदा ऐकून तुम्हीच दचकलात, तर तो घोळ. आम्ही मग वर्गातल्या सहा जणांना वेगवेगळं गाठून विचारलं, “गोष्ट काय आहे, सांग.” चार जणांनी पोरीला मारलं. याच चौघांनी फॉर्ममध्ये ‘खूप छान’ लिहिलं होतं.

म्हणून फॉर्ममध्ये ‘आवडला का?’ विचारू नका. तोंडावर नाही म्हणायची आपली पद्धत नाही, त्यातून विचारणारा रोजचा बाकावरचा मित्र. ‘काय घडलं ते तुझ्या शब्दांत सांग’, ‘कंटाळा कुठे आला?’, ‘बघून झाल्यावर कोणता शॉट आठवतोय?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. ‘रंगसंगती भावनेला पूरक वाटली का?’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं.

प्रेक्षकाने सांगितलेलं औषध जसंच्या तसं घेणं

दुसऱ्या वर्गात दाखवला तेव्हा तिघांचं म्हणणं पडलं की किल्ल्यावरचा गायक ‘डब केल्यासारखा’ वाटतो. एकाने सल्लाही दिला, गायक बदला. आमचा मित्र दोन दिवस तोंड पाडून फिरत होता. अभिनय कमी पडला असं आम्हीही धरून चाललो.

प्रेक्षकाला खटकलं ते खरंच होतं, कारण मात्र भलतंच निघालं. लाँग शॉटसाठी गायक बुरुजाच्या टोकाला, कॅमेऱ्यापासून सुमारे ३५ मीटरवर उभा होता आणि गाणं वाजवणारा स्पीकर कॅमेऱ्याजवळ. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे गाणं गायकाच्या कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागत होता, आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, असलेल्या व्हिडिओत तेवढ्यात अडीच फ्रेम सरतात. कॅमेऱ्याच्या माइकला मात्र तोच आवाज लगेच मिळत होता. एडिटिंगमध्ये मूळ गाण्याचे आणि माइकवरच्या आवाजाचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे आलेख, तंतोतंत जुळत होते, ओठ मागे. ते शॉट दोन-तीन फ्रेम आधी सरकवले, गायक एकदम चांगला अभिनय करायला लागला!

तेव्हापासून स्पीकर गायकाच्या पायाशी, फ्रेमच्या जेमतेम बाहेर. तरीही लांबच्या शॉटला वेव्हफॉर्मवर विसंबू नका, कारण आता माइकला आवाज उशिरा मिळतो. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, ती फ्रेम शोधून डोळ्यांनी जुळवा. क्लोजअप सुरुवातीला नीट आणि शेवटाकडे घसरत जात असेल तर दुखणं वेगळं. मोबाइल बऱ्याचदा ठरावीक गतीने फ्रेम घेत नाही, कमीजास्त करतो. अशा फाइल एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या.

असंच एक ‘डोकं दुखतं’. वर्गातल्या प्रसंगाला दोघी जणी तसं म्हणाल्या. आम्ही समजलो, कट फार भराभर आहेत. म्हणून दोन शॉट लांबवले. दुखणं वाढलं. दोष ट्यूबलाइटचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आमचा शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घ्यायची वेळ, १/६० सेकंदावर होता, म्हणून भिंतीवर उजेडाचे पट्टे सरकत होते. १/५० किंवा १/१०० ठेवला असता तर काही झालं नसतं. आम्ही लॅपटॉपच्या छोट्या चौकटीत एडिट करत असल्यामुळे ते आमच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. तो प्रसंग पुन्हा शूट करावा लागला.

तेव्हा सल्ल्यावर वाद घालत बसू नका, पण तो लगेच अमलातही आणू नका. आधी विचारा, “नेमकं कितव्या सेकंदाला?” त्यासाठी चाचणीच्या कॉपीवर कोपऱ्यात चालता टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदांचे आकडे, ठेवा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डेटा बर्न-इनची सोय आहे. ‘मध्ये कुठेतरी बोअर झालं’ आणि ‘१:५२ ला बोअर झालं’ यात एका रात्रीच्या झोपेचा फरक आहे.

दाखवण्याआधी माफी मागणं

“कलर बाकी आहे हां”, “इथे नंतर ड्रोन शॉट येणार आहे”, “साउंड फायनल नाही.” एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस व्हिडिओ बघत नाही, तुम्हाला सांभाळून घेतो. संपल्यावर समजावून सांगणं त्याहून वाईट. घरी बघणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. गप्प बसा. बसताना मागच्या बाकावरही बसू नका, बाजूला बसा, म्हणजे चेहरे दिसतात. कुणाचा हात खिशातल्या मोबाइलकडे कधी गेला एवढं टिपलंत तरी अर्धा फीडबॅक मिळाला.

आवाज मोबाइलवरच तपासा, हेडफोन काढून. लहान स्पीकरमधून खालचा बेस जवळपास गायब होतो आणि स्टुडिओत घुमणारं गाणं डबड्यात वाजल्यासारखं येतं. ‘शब्द कळत नाहीत’ या तक्रारीवर सगळ्याचाच आवाज चढवून उपयोग नाही, फार चढ्या आवाजात तयार केलेल्या गाण्याचा आवाज यूट्यूब स्वतःहून खाली आणतं. गायकाचा आवाज वाद्यांच्या मानाने वर काढावा लागतो.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकलाच असेल तर यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा, म्हणजे कुठपर्यंत किती लोक बघत राहिले त्याचा, आलेख बघा, लाइक नंतर. आलेख एकदम खाली आला तिथे लोक सोडून गेले किंवा तेवढा भाग ओलांडून पुढे गेले, एवढं सरळ आहे. उंचवटा मात्र फसवा असतो. आमच्या गजऱ्याच्या शॉटला उंचवटा आला असता तर आम्ही पेढे वाटले असते. लोक मागे जाऊन पुन्हा बघतात ते आवडलं म्हणून, किंवा काही कळलं नाही म्हणून.

आणि रिपोर्टमध्ये पाय चार्ट डकवू नका. कोण काय म्हणालं, कारण काय निघालं, आम्ही काय बदललं, अशा तीन रकान्यांचा कागद परीक्षकाला जास्त पटतो. ‘काहीच बदललं नाही, कारण अमुक’ हेही त्यात बसतं. ‘गाणं फार संथ आहे’ असं पाच जण म्हणाले होते. गाणं संथच होतं.

गजऱ्याचा शॉट आम्ही पुन्हा घेतला, यावेळी कपाटाच्या कडीला अडकवला. अर्ध्या तासाचं काम. नवी कॉपी घेऊन कँटीनमध्ये गेलो. मावशींनी हात पुसले, मोबाइल हातात घेतला, पूर्ण पावणेचार मिनिटं बघितलं.

“हां, आता हाये ती,” म्हणाल्या. मग मोबाइल परत देताना, “पर त्यो पोरगा जेवला कवा? डबा घेऊन नुसता हिंडतोय.”

डबा उघडायचा शॉट होता आमच्याकडे. गती अडते म्हणून आम्हीच काढला होता.