सांधेवाताच्या मुलाला अ‍ॅडॅलिम्युमॅब घरी देताना

मेथोट्रेक्सेट हे सांध्यांची सूज कमी करणारं औषध पुरेसे आठवडे देऊनही गुडघे, मनगटं सुजलेलीच राहिली, की बरेचदा अ‍ॅडॅलिम्युमॅब हे इंजेक्शन सुरू होतं. सूज पेटती ठेवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते अडवतं. क्षयाचे जंतू कोंडून ठेवायला शरीराला हेच प्रथिन लागतं, म्हणून पहिल्या डोसआधी क्षयाची मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आणि छातीचा एक्स-रे हवाच. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका.

गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी राहिल्या असतील तर त्याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. औषध सुरू झाल्यावर पल्स पोलिओचे थेंबही मुलाला देऊ नका. रविवारी बूथवरची ताई आग्रह करेल. तिला औषधाचं नाव सांगा.

डोस वजनावर ठरतो: साधारण १५ ते ३० किलोला २० मिग्रॅ, त्यापुढे ४० मिग्रॅ, दर दोन आठवड्यांनी. ४०ची सिरिंज अंदाजाने अर्धी ढकलू नका.

दादरहून औषध घेऊन लोकलने ठाण्याला येताना ते थर्मासच्या डब्यात ठेवा, पण आइस पॅक जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून. बर्फ थेट लागला तर औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध वितळलं तरी फेकूनच द्यायचं. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवा; दारात नको, फ्रीजरच्या तोंडाशीही नको.

इंजेक्शनआधी अर्धा तास बाहेर काढा. थंडगार औषध जास्त झोंबतं, आणि मूल पुढच्या वेळी हातच लावू देत नाही. गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. गढूळ दिसलं तर वापरू नका. मांडीचा पुढचा भाग किंवा बेंबीपासून ५ सेंमी दूर पोट. चिमटीत कातडी धरून ४५ अंशात सुई घाला, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा. नंतर चोळू नका. दर वेळी जागा बदला. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका.

डोस चुकला तर आठवताच द्या, पुढचा मात्र ठरल्या तारखेलाच.

तापात इंजेक्शन द्यायचं नाही. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, म्हणून 'साधाच असेल' असं वाटतं. या मुलांत गंभीर संसर्गातही ताप कमीच दिसू शकतो. आधी डॉक्टरांना फोन करा, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी औषधाचं नाव पहिल्यांदा सांगा. डोस थोडा लांबला तर सांधे सहसा फार बिघडत नाहीत. संसर्गात दिला तर संसर्ग बळावतो.

डोळ्यांची स्लिट-लॅम्प (भिंगाच्या यंत्राने डोळ्याच्या आत पाहण्याची) तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा दर तीन महिन्यांनी, चुकवू नका. या आजारात डोळा लाल न होता, न दुखताही आतून सुजतो.