परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी लोकलचा पास आधी काढावा
परदेशातून शिक्षणासाठी मुंबईत परतलेल्या विद्यार्थ्यांनी प्रवेश निश्चित होताच महाविद्यालयाच्या कार्यालयातून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्यावा, कारण तो तिकीट खिडकीवर दिल्याशिवाय विद्यार्थी पास मिळत नाही. फॉर्मवर घराजवळचे आणि महाविद्यालयाजवळचे स्टेशन, जन्मतारीख व महाविद्यालयाचा शिक्का नीट तपासावा. सर्वसाधारण प्रवर्गासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे. त्याहून महत्त्वाचे, वर्ग सुरू होण्यापूर्वी एकदा सकाळच्या गर्दीत हा प्रवास प्रत्यक्ष करून पाहावा. फास्ट लोकल आपल्या स्टेशनवर थांबते का, दरवाजा कोणत्या बाजूला येतो आणि उतरण्यासाठी किती आधी पुढे सरकावे लागते, हे सहप्रवाशांना विचारायला मुळीच संकोचू नये. ते आपुलकीने सांगतात.