भेटीगाठींत मोबाईल कुठे ठेवावा?

रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्यावर मिसळ खायला सहाजण जमतात. ताटे समोर आली की आधी फोटो निघतात, ते ग्रुपवर जातात, त्यावर कोण काय म्हणाले हे पाहिले जाते; तोवर रस्सा निवतो आणि महिनाभराने जुळून आलेली भेट निम्मी सरलेली असते. हे टाळायचे तर टेबलावर बसल्यावर निग्रह करून फारसे साधत नाही; तयारी आधीच करावी लागते.

फोन टेबलावर पालथा ठेवणे हा उपाय नव्हे, कारण तो थरथरला की बोलणाऱ्याचे वाक्य तिथेच अडते. तो पिशवीत, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची स्मरण आणि तर्काच्या चाचण्यांतील कामगिरी तो समोर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली आढळली होती. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरी करून पाहायला खर्च काहीच नाही.

पंचवटीत आमच्या मावशींकडे दाराजवळच्या कोनाड्यात एक पितळी परात असते. चपला काढल्या की फोन परातीत टाकायचा, असा त्यांचा नियम. पहिल्याच दिवशी त्यांचाच फोन परातीत असा खणखणला की आरतीची झांज वाजल्यासारखे वाटले. तेव्हापासून परातीत जुना पंचा अंथरलेला असतो. पाहुण्यांना नियम सांगताना यजमानाने आपला फोन सर्वांत आधी ठेवावा, नाहीतर तो उपदेश ठरतो.

घरी आजारी माणूस आहे, ही अडचण मात्र खरी असते. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून त्यात घरच्या दोन-तीन क्रमांकांना सूट द्यावी; बहुतेक फोनमध्ये थोड्या वेळात पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याचीही सोय असते. हे सर्वांना आधी सांगून ठेवले की मधूनच उठणाऱ्याबद्दल कोणी गैरसमज करून घेत नाही.

सर्वांत अवघड वेळ येते ती बोलणे थांबते तेव्हा. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात साधारण एक पंचमांश सेकंद जातो, असे दहा भाषांच्या २००९ मधील अभ्यासात दिसले. त्यामुळे चार सेकंदांची शांतताही लांबलचक वाटते आणि हात आपोआप खिशाकडे वळतो. ती शांतता तशीच राहू द्यावी. पुष्कळदा मनातली खरी गोष्ट त्यानंतरच निघते.

परगावच्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलशिवाय गत्यंतर नसते, आणि तिथे हीच लय बिघडते: आवाज किंचित उशिरा पोहोचतो, दोघे एकदम बोलतात, मग दोघेही गप्प होतात. म्हणून समोरच्याचे वाक्य संपल्यावर मनात ‘एक’ म्हणून मगच बोलावे. आजींच्या हातात फोन दिला की पडद्यावर त्यांचे कपाळ तेवढे दिसते. तो तांब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर उभा करावा आणि त्यांच्यासमोर निवडायला मेथीची जुडी ठेवावी, म्हणजे हात गुंतलेले राहतात आणि गप्पा घाईने संपत नाहीत.