डीएससीतला पीक गायब झाला म्हणून पेढे वाटू नका

एम. फार्मला फार्मास्युटिक्स घेतलंय आणि गाईडने 'कमी विरघळणारं औषध, शुगर कॅरिअर, को-ग्राइंडिंग' असा विषय दिलाय? घाबरू नका, विषय चांगला आहे: औषध साखरेसारख्या वाहक पदार्थासोबत (कॅरिअर) दळायचं, म्हणजे ते लवकर विरघळावं. सॉल्व्हंट लागत नाही, बॉल मिल मोकळी नसली तर ट्रायल खलातही होते. घोळ होतो तो डीएससीचा, म्हणजे नमुना तापवत तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, ग्राफ वाचताना. स्फटिक वितळला की त्यात टोक उमटतं, तोच पीक.

मॅनिटॉल हा असाच एक कॅरिअर, साधारण १६६ अंशांना वितळतो. तुमचं औषध २०० च्या आसपास वितळणारं असेल, तर तापवताना ते आधीच वितळलेल्या मॅनिटॉलमध्ये विरघळू शकतं. मग त्याचा पीक येणारच कुठून? इंडोमेथासिनसारखं १६१ ला वितळणारं असेल तर दोन्ही पीक एकमेकांत मिसळतात. आपण मात्र खुशाल लिहितो, 'औषध अमॉर्फस झालं', म्हणजे त्याची स्फटिकरचना मोडली. मी तर यावर अख्खं प्रकरण लिहून बसले होते. पॅनमध्ये ठेवलं तेव्हा औषध स्फटिकच होतं, पीक घालवला तो तापवण्याने! म्हणून त्याच प्रमाणातलं, न दळलेलं फिजिकल मिक्श्चर सोबत चालवाच. त्यातही पीक नसेल तर दळण्याला श्रेय देऊ नका. एक्सआरडीलाही (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याची चाचणी) हेच लागू. औषध १० टक्केच असेल तर पीक तसेही बुटके दिसतात. पीक नुसते रुंद झाले असतील तर स्फटिक बारीक झालेत किंवा त्यांची रचना बिघडलीय, एवढंच.

'डिझोल्यूशन (विरघळण्याचा वेग) वाढलं ना, मग झालं' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. कण बारीक झाले, नीट भिजले, तरी ते वाढतं.

मॅनिटॉलचं टीजी (ज्या तापमानाच्या वर अमॉर्फस पदार्थ मऊ होतो आणि सहज पुन्हा स्फटिक होऊ शकतो) १३ अंशांच्या जवळपास, म्हणजे पुण्यातल्या लॅबच्या तापमानापेक्षा खाली. ते दळून अमॉर्फस राहत नाही, फारतर स्फटिकरूप बदलतं. कोरड्या लॅक्टोजचं टीजी १०० च्या वर, त्यामुळे ते अमॉर्फस होऊ शकतं. पण जुलैत इथली हवा ओलीचिंब असते. अमॉर्फस लॅक्टोज पाणी ओढतं, टीजी कोसळतं आणि ते पुन्हा स्फटिक होतं. नमुना झिपलॉकमध्ये घालून स्कूटरवरून पाषाणला, म्हणजे मशीन असलेल्या लॅबमध्ये, न्यायचा असेल तर नेऊच नका. सीलबंद व्हायल, सिलिका जेल, आणि मशीनचा स्लॉट मिळाल्यावरच दळण.

औषधात प्राथमिक अमाइन असेल तर लॅक्टोज टाळा, पावडर तपकिरी पडू शकते. ट्रेहॅलोज महाग आहे, गाईड कुरकुरतील, तरी मागा. ते लॅक्टोजसारखं अमाइनशी अभिक्रिया करणारं, म्हणजे रिड्यूसिंग शुगर नाही.